एकसष्टावी

१

साठ हा आकडा स्वभावानं गरीब आहे. कसाही फोडा, फुटतो. मी चौथीपर्यंतच शिकले, पण गुरुजींनी पाढे छडीनं अंगात उतरवले होते, ते अजून तिथंच आहेत. सहा दाहे साठ. दहा सक साठ. बारा पंचे साठ, पंधरा चोक साठ, वीस त्रिक साठ, तीस दुणे साठ. ज्याच्या दारात जाईल तिथं त्याला बसायला पाट आहे. म्हणून तर नवी पेठेतला दुकानदार माझ्याकडून रोज साठच कडक भाकऱ्या घ्यायचा. पाचाचं पुडकं बांधा, दहाचं बांधा, डझनाचं बांधा, टोपलीत मागं काही राहत नाही.

आता एकसष्ट घ्या. तिसापर्यंतचे सगळे पाढे म्हणून बघा. एकसष्ट एकाही पाढ्यात नाही. मी म्हणून बघितलेत, तोंडाला फेस येईस्तोवर. त्या आकड्याला घर नाही.

अक्कलकोट रोडला घराच्या मागं माझी पत्र्याची शेड आहे. तीन चुली, तीन काठवटी. एका चुलीवर मी, दुसरीवर सुंदरम्मा, तिसरीवर यास्मीन. सुंदरम्मा पद्मशाली, तेलुगू. नवऱ्याचे माग भंगारात गेले तेव्हापासून ती माझ्याकडं आहे. यास्मीन तिशीतली, तोंडाळ आणि हाताला चलाख. तिचे अब्बा कापडाच्या दुकानात घड्या घालायचे. तिघींची मोजायची पद्धत तीन तऱ्हेची. सुंदरम्मा अंगठ्यानं बोटांची पेरं मोजते, एका हाताची बारा पेरं झाली की दुसऱ्या हाताचं एक बोट मिटते. पाच बोटं मिटली की साठ. यास्मीन कापडवाल्यांसारखी कोडीनं मोजते, विसाची एक कोडी, तीन कोड्या. मी पाचापाचाचा हात उचलते. आणि माझी पोरगी संस्कृती, बी.कॉम. झालेली, ती दहाचे ढीग लावते आणि आम्हाला हसते.

संस्कृतीला नातेपुत्याला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा लागला होता. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पुडकी बांधायची आणि फोन घ्यायची. मी नको म्हणायचे. ऐकणारी असती तर माझी पोरगी कशाला झाली असती.

अजून एक सांगायचं राहिलं. माझं सासर वैरागकडचं. तिकडं खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. माझी सासू लाभ म्हणून पहिलं माप बाजूला ठेवायची आणि पुढच्या मापापासून एक धरायची. मीही तेच करायचे. तव्यावरची पहिली भाकरी लाभ, ती चुलीवरच्या फळीवर. मग एक, दोन, तीन. फळीवरची भाकरी दुपारपर्यंत नाहीशी व्हायची. मांजर नेत असेल, घूस नेत असेल. मी कधी बघायला गेले नाही.

घोटाळा झाला तो यास्मीनमुळं. ती लाभनंतर थेट दोन म्हणायची. तिचंही चूक नव्हतं, तिनं तसंच ऐकलेलं. पण ती मोजायला बसली की पहिली भाकरी फळीवर आणि गठ्ठ्यात एक कमी. दुकानदारानं निरोप धाडला, डझनात अकराच निघाल्या म्हणून. मग संस्कृतीनं फर्मान काढलं की आजपासून लाभबिभ बंद, पहिलीला एकच म्हणायचं आणि फळीवर काही ठेवायचं नाही.

मला पटलं. खरंच पटलं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचापाचाचे हात उचलून टोपलीत ठेवत होते. बारा हात झाले. खाली एक भाकरी राहिली.

मी यास्मीनला म्हणलं, जास्तीची कुणी थापली. ती म्हणाली तिनं नाही. सुंदरम्मानं मान हलवली. पीठ मळून झालं की संस्कृती स्वतः पिठाचे उंडे मोजायची, परातीत दहाच्या सहा रांगा. त्या दिवशीही मोजलेले. साठ उंड्यांच्या एकसष्ट भाकऱ्या झाल्या.

सुंदरम्मानं टोपली ओढली आणि पेरांवर मोजलं. पाच बोटं मिटली, एक उरली. यास्मीननं मोजलं. तीन कोड्या, एक उरली. संस्कृतीनं सहा ढीग लावले, तिच्याही हातात एक उरली.

"सुंदरम्माचा अंगठा जाड हाय मावशी," यास्मीन म्हणाली. "एका टायमाला दोन पेरं दाबतो."

"तुज्या तोंडाला पेरं असती तर एव्हाना लाख झाले असते," सुंदरम्मा म्हणाली.

हसलो सगळ्या. एखादा उंडा मोठा झाला असेल, कुणी तोडून दोन केले असतील. हात चालत असतात, डोकं भलतीकडं असतं. मी साठ पाठवल्या आणि एक काढून खिडकीत ठेवली. कामाच्या नादात तिचं पुढं काय झालं ते बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा एकसष्ट. चौथ्या दिवशीही.

३

मी अंगारे-धुपारे करणारी बाई नाही. चुकतंय म्हणजे कुणीतरी चुकवतंय. मी उंड्यांवर नजर ठेवली. मळून झाल्यावर पिठाचा डबा कुलपात टाकला. शेवटची भाकरी तव्यावरून उतरली की काठवटी धुऊन पालथ्या घातल्या. एकसष्ट.

मग मी एक वेगळं केलं. गठ्ठ्यातली एक भाकरी काढून चुलीत घातली, सगळ्यांच्या समोर. जळाली, भाकरी जळते तशीच. वासही तोच. म्हणलं, आता मोजा. चौघींनी एकदम मोजायचं, आपापल्या पद्धतीनं, मोठ्यानं, आणि एकमेकींकडं बघायचं नाही.

शेडीची शाळा झाली. सुंदरम्माचं ओकटी, रेंडू, मूडू चाललेलं, यास्मीन कोडीपाशी आली की टाळी वाजवायची, संस्कृती खुर्चीतनं बोट नाचवत होती. मी गुरुजींच्या चालीवर पाच, दहा, पंधरा म्हणत गेले. चारी आवाज वेगवेगळ्या वाटेनं निघाले आणि एकाच जागी, साठावर येऊन थांबले. पुढं एक होती. कुणालाच तिला काही म्हणवेना.

पत्रा तापून टिकटिक वाजत होता.

तेव्हा मला एक कळलं, आणि ते मी कुणाला बोलले नाही. मी साठच्या जागी पन्नास केल्या तरी उपयोग नव्हता, कारण आमच्या हातून भाकरी जास्तीची होतच नव्हती. आमची मोजणी बरोबर होती. कुणीतरी आमच्या बरोबरीनं थापायला बसत होतं.

४

थापलेली भाकरी हाताची ओळख ठेवते. सुंदरम्माच्या भाकरीची कड जाड. यास्मीनची मधे पापड आणि कडेला कागद. माझ्या भाकरीवर डाव्या बाजूला अंगठ्याची खोल खूण असते, लग्नात बोट मोडलेलं तेव्हापासून. मी एकसष्ट भाकऱ्या पत्र्यावर उन्हात पसरल्या आणि ही तुझी, ही तिची, ही माझी करत वेगळ्या केल्या.

एक राहिली. ती कुणाचीच नव्हती.

सुंदर होती, खोटं कशाला बोलू. पानासारखी पातळ, गोल कंपासनं काढल्यासारखी, तीळ सगळीकडं सारखे. उन्हाकडं धरली की बोटांचे ठसे दिसत होते. लांब, निमुळते, एका वेळी एक हात ठेवल्यासारखे, फुलाच्या पाकळ्यांसारखे पसरलेले. मी एका हाताचे ठसे मोजले. अंगठा धरून सहा.

यास्मीननं वाकून बघितलं आणि म्हणाली, हात घसरला असेल कुणाचा. मग तिनं पुन्हा बघितलं आणि ओढणी डोक्यावर घेतली. त्यानंतर ती त्या भाकरीकडं फिरकली नाही.

संस्कृतीला मात्र मजा वाटली. ती खुर्चीतनं पुढं सरकली आणि काठवटीत उरलेल्या पिठावर बोटानं लिहायला लागली. लहानपणापासून तिला गणिताची खोड.

"आई, हे बघ की. आपली बोटं दहा, म्हणून आपण दहावर थांबतो अन् गठ्ठा बांधतो. सहा गठ्ठे अन् एक सुटी, म्हणून आधी सहा लिहायचा, पुढं एक. एकसष्ट. आता ज्याच्या हाताला सहा सहा बोटं हायत, त्याची बोटं बारा. तो गठ्ठा बारावर बांधणार, आपली सुंदरम्मा बांधती तसा. त्याचे गठ्ठे किती झाले?"

"पाच," मी म्हणलं.

"अन् सुटी एक. मग तो काय लिहील?"

तिनं पिठात आधी पाच काढला, त्याच्या पुढं एक. आणि हसून माझ्याकडं बघितलं, मला कळलं का म्हणून.

मला कळलं होतं. पिठात एकावन्न लिहिलेलं होतं.

ती शिकलेली, तिला तो नुसता आकडा वाटला. मी आयुष्यभर लग्नं, बारशी, मुंजी, डोहाळजेवणं केलीत. एकावन्न आपण कुठं लिहितो ते मला ठाऊक आहे. आहेराच्या पाकिटावर. पन्नास कुणी देत नाही. पन्नासावर एक, शंभरावर एक. तो वरचा एक असतो म्हणून येणंजाणं चालू राहतं. आज मी तुमच्या दारात, उद्या तुम्ही माझ्या. आमच्यात दुखवट्यालाच तेवढं वरचं एक देत नाहीत, कारण तो हिशेब पुढं न्यायचा नसतो.

फळीवरची लाभ बंद केल्यापासून रोज कुणीतरी आम्हाला आहेर करत होतं. आणि घरात आहेर घेण्याजोगी एकच बाई होती.

"संस्कृती," मी म्हणलं, "मी त्या उरलेल्या खिडकीत ठेवत होते. त्या कुटं जातात गं?"

"मी खाते की," ती म्हणाली. "दुसरं काही खाल्लं की नुसतं जळजळतं. ही एकच पचती. अन् ही खाल्ली की बाळ कसं उड्या मारतं बघ."

५

त्या दिवसापासून मी तिला शेडीत येऊ दिलं नाही. रडली, फुगली, सासूसारखी वागतीस म्हणाली. म्हणू दे. उरलेली भाकरी मी रोज चुलीत घालायचे. रात्रीच्या जेवणात तिला वरणभात करून घालायचे, ती दोन घास खाऊन ताट सरकवायची.

डॉक्टरीणबाईंनी तिला सांगून ठेवलेलं की दुपारी जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं आणि बाळाच्या हालचाली मोजायच्या, दहा झाल्या की बास. एका दुपारी लाईट गेलेली. पंखा थांबलेला, बाहेर रिक्षासुद्धा वाजत नव्हती. मी तिच्याजवळ बसले आणि हात तिच्या पोटावर ठेवला. मलाही कळायला हवं होतं.

बाळ हललं. ती एक म्हणाली. मी मनात एक म्हणलं. दोन. तीन. ती डावा हात समोर धरून उजव्या हाताच्या बोटानं एकेक बोट शिवत होती. आमचं बरोबर जुळत होतं. नऊपर्यंत जुळलं.

मग बाळ हललं आणि मी मनात दहा म्हणलं. ती दहा म्हणाली नाही. तिनं दुसरंच काही म्हणलं. पुन्हा हललं, तेव्हा आणखी एक वेगळं म्हणलं. त्यानंतर हललं तेव्हा ती स्पष्ट म्हणाली, दहा. आणि हात खाली ठेवला.

माझ्या मोजणीनं बारा झाले होते.

ते मधले दोन शब्द होते. खोकला नव्हता, उचकी नव्हती. तेलुगू मी रोज ऐकते, यास्मीनची दखनी ऐकते, कानडी बायका दारावर येतात. त्यातलं ते काही नव्हतं. आणि तिच्या तोंडात ते इतके सरावाचे बसलेले, जसे आपल्या तोंडात आठ आणि नऊ.

मी म्हणलं, पुन्हा मोज. ती कंटाळली, पण मोजायला लागली. या खेपेला मी तिच्या तोंडाकडं न बघता हाताकडं बघितलं. तिनं अंगठा शिवला, पहिलं बोट, मधलं, त्याच्या पुढचं, करंगळी. पाच झाले. आणि करंगळीच्या पलीकडं, जिथं काही नाही, तिथं तिचं बोट गेलं आणि थांबलं. हवेतनं आरपार गेलं नाही. कशाला तरी टेकलं. टेकल्यावर बोटाचं टोक कसं चपटं आणि पांढरं होतं, तसं झालं.

"मधे काय म्हणालीस?" मी विचारलं.

"कुटं मधे?" संस्कृती म्हणाली आणि जांभई दिली.

६

आहेर घेतलेला असतो तेव्हा तो मोडायचा एकच रस्ता आपल्याकडं आहे. मी दुसऱ्या दिवशी दुकानदाराला भाकऱ्या पाठवल्या नाहीत. तो फोनवर तावातावानं बोलला, मीही दोन शब्द जास्तीचे बोलले.

साठ उंडे केले. थापले. गठ्ठा केला, आणि त्या दिवशी बरोब्बर साठ भरल्या. एकही वर नाही. मी ते चांगलं लक्षण धरलं. नवी परात घेतली, साठच्या साठ त्यात रचल्या आणि शेडीच्या मागच्या दारात उंबऱ्याबाहेर ठेवल्या. भर दुपार होती, उन्हानं डोळे मिटत होते.

"ह्या साठ," मी मोठ्यानं म्हणलं. "वर एक नाही. तुमचं आमचं देणंघेणं आज मिटलं. माझ्या पोरीच्या वाटंला पुन्हा यायचं नाही."

यास्मीन आणि सुंदरम्मा माझ्या मागं उभ्या होत्या. दार लावून घेतलं. संध्याकाळी उघडलं तेव्हा परात रिकामी होती. कुत्र्यानं खाल्लं असतं तर चुरा पडला असता. कडक भाकरी नुसती उचलली तरी चुरा पडतो. परातीत तीळही नव्हता.

त्यानंतर रोज साठ. पेरांवर साठ, कोडीत साठ, पाचापाचाच्या हातात साठ. संस्कृती पोटभर जेवायला लागली. मी वैऱ्यासमोर मिशीला पीळ देतात तशी शेडीत फिरत होते.

सुंदरम्मा मात्र गप्प झालेली. एकदा उंडे करता करता म्हणाली, "रंभक्का, एक इच्यारू? त्यानं रोज साठावर एक दिलं. तुमी परत साठच दिले."

"मग?"

"मग त्ये वरचं एक कुटं ऱ्हायलं?"

मी तिला म्हणलं, पीठ कोरडं पडतंय, पाणी घे. तिनं तांब्या ओढला. मी पुढं विचारलं नाही, कारण वजाबाकी मला येते.

७

मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात दिली तेव्हा मी आधी तोंड बघितलं नाही, हात उलगडले. पाच आणि पाच. पाय उलगडले. पाच आणि पाच. मग मी तिथंच दवाखान्याच्या बाकड्यावर बसून रडले. जावई अजिंक्य गोंधळून पाणी घेऊन आला, त्याला वाटलं मला मुलगा हवा होता.

घरी आणली. मधल्या खोलीत पलंग, भिंतीकडं बाळ, मधे संस्कृती. अलीकडच्या बाजूला मी झोपायचं ठरलेलं, पण संस्कृती म्हणाली तिला जागा लागते. मी खाली अंथरलं.

पहिल्यांदा दिसलं ते दुपटं. भिंतीकडच्या बाजूला बाळाखाली एक आणि अलीकडं, रिकाम्या जागी एक. तिनंच घातलेलं. त्याच्या कडेला उशी आडवी लावलेली, कुणी पडू नये म्हणून लावतात तशी. मी उचलून घडी घातली. थोड्या वेळानं बघितलं तर पुन्हा होतं.

मग खळगा. गादी कापसाची आहे, त्यात माणूस झोपलं की खळगा पडतो. अलीकडच्या दुपट्यात वीतभर रुंद, दीड हात लांब खळगा होता. मी हातानं थापटून सारखा केला. चहा करून आले तेव्हा तो तिथं होता. मी म्हणलं, संस्कृतीचं कोपर असेल.

ती भिंतीकडं वळून बाळाला पाजायची. मग या कुशीवर वळायची आणि तशीच पडून राहायची, पदर सैल सोडून, डोळे मिटून, एक हात अर्धा गोल करून. मी म्हणलं, बाळंतीण आहे, बाजू बदलते. किती गोष्टी मी तेव्हा स्वतःला म्हणले. खोलीत त्या वेळेला अगदी बारीक आवाज यायचा, गिळल्याचा. बाळ तर भिंतीकडं झोपलेलं असायचं.

बाळाचं वजन वाढेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईला दूध भरपूर आहे, मग हे पोर भरत का नाही. डिंक झाला, अळीव झाले, शतावरी झाली. संस्कृतीला पान्हा मायंदाळ, कपडे भिजायचे. आणि नात माझी दिवसेंदिवस चिमणीसारखी. रडायचीसुद्धा नाही. रडायला लागली की पलंगाच्या या बाजूनं कुणीतरी हळू फुंकर घातल्यासारखं व्हायचं आणि ती गप्प व्हायची. तिचे डोळे माझ्यावर नसायचे. माझ्या शेजारी, जरा खाली, तिथं असायचे.

एका माणसाचं दूध दोघांत गेलं तर प्रत्येकी किती, हे चौथीतलं गणित आहे.

८

सव्वा महिना झाल्यावर अजिंक्य गाडी घेऊन आला. नातेपुत्याला सगळे वाट बघत होते. त्याची आई फोनवर दहा वेळा विचारून झालेली. मी थांबवून बघितलं, अजून पंधरा दिवस राहू दे म्हणलं, पोर अशक्त आहे म्हणलं. तो म्हणाला तिकडं मोठा दवाखाना आहे, मामी, तुम्ही काळजी करू नका. चांगला पोरगा आहे. त्याला काय सांगणार होते मी. तिकडं सासू, नणंद, कुणाला काही दिसणार नव्हतं. औषधं बदलत बसले असते आणि एक दिवस फोन आला असता.

संस्कृती न्हायला गेली. अजिंक्य बाहेर बॅगा भरत होता. बाळ भिंतीकडं झोपलेलं, मनगटं माझ्या अंगठ्याएवढी. मी पलंगाच्या अलीकडच्या कडेला जाऊन बसले. खळगा होता. हात ठेवला. ऊब होती, बाळाच्या टाळूला असते तशी, आणि हाताखाली श्वास वरखाली होत होता.

मी भांडायला गेले होते, हे खरं आहे. शिव्या ओठावर होत्या. पण तो श्वास लहान होता. त्यालाही भूक होती, आणि त्यालाही कुणीतरी देऊन टाकलेलं होतं.

"ऐक," मी म्हणलं. "ती लई बारकी हाय. तिला वाटेकरी परवडायचा नाही. तिच्यासंगं जाऊ नको. माझ्याकडं ये. मी मोठी हाय, दणकट हाय. मला पुरंल."

आणि पदर पसरून मांडी थापटली, पोराला बोलावतात तशी.

काही झालं नाही. न्हाणीत तांब्या वाजत होता. अजिंक्य बाहेर डिकी बंद करून पुन्हा उघडत होता. मग दुपटं सरकलं. जरासंच, कुणी कुशीवर वळावं तसं. आणि माझ्या मांडीवर वजन आलं.

मी खाली बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित दिसलं असतं. माझा हात मात्र आपोआप त्याच्या पाठीखाली गेला, आणि त्याच्या हातानं माझं मनगट धरलं, पुरतं वेढून.

संस्कृती केस पुसत आली. पलंगाकडं बघून थबकली. दुपट्यावर हात फिरवला, उशीखाली बघितलं.

"आई," ती म्हणाली, "काहीतरी ऱ्हायल्यासारखं वाटतंय गं."

"काही राहिलं नाही," मी म्हणलं. "जा. उशीर होतोय."

गाडीपर्यंत सोडायला मी उठले नाही. पाय धरलेत म्हणलं. ती रागावली, दारातून दोनदा वळून बघितलं. गाडी सुरू झाली तेव्हा नात रडत होती, मोठ्यानं, घसा फाडून, रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं. इतके दिवस ती अशी कधीच रडली नव्हती. मी ते कान भरून ऐकलं.

९

नातेपुत्याहून फोन येतात. पोर भरतंय, गाल आलेत, पालथं पडतंय. संस्कृती व्हिडिओ दाखवते. माझ्याकडं निरखून बघते आणि म्हणते, आई, जेवतीस का नाही? मी म्हणते उन्हाळा आहे.

यास्मीनही तेच म्हणते. मावशी, चोळी ढिली झाली, बांगड्या कोपरापर्यंत चढतात. कुठल्याशा हकिमाचं नाव सांगते. मी हो म्हणते. दोन्ही वेळा दोन दोन भाकऱ्या खाते, ताट पुसून खाते. माझ्या अंगाला काही लागत नाही. मांडी मात्र रोज थोडी जड होते. आता उठताना हाताचा टेकू घ्यावा लागतो, आणि ते अजून लहान आहे.

थापायला मला एकच हात मोकळा असतो. माझ्या भाकऱ्या वाकड्या होतात, कुणी काही म्हणत नाही. दुकानदार साठ नेतो, साठाला साठ भरतात.

काल सकाळी शेडीत तिघी बसत होतो. सुंदरम्मानं आपली काठवट उचलून थोडी पलीकडं सरकवली, मग पाट सरकवला, आणि माझ्या अंगाला लागून एका छोट्या माणसाला बसायला पुरेल एवढी जागा केली. पदरानं तिथली जमीन पुसली. माझ्याकडं बघितलं नाही, खाली मान घालून पीठ चाळायला लागली.

मी तिला काही सांगितलं नव्हतं.